तळं तापवायचंय का?

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

थँक्सगिव्हिंगची टर्की अजून पोटात जागी आहे, आणि हारलन तळघरातून ते खोकं घेऊन वर आलासुद्धा. खोक्यात जुना व्हीसीआर आणि एक कॅसेट. कॅसेटवर लॉइसच्या अक्षरात लिहिलंय, 'हातमोजा. पुसू नका!!' दोन उद्गारचिन्हं. बाई जिवंतपणी कशी असेल ते मला त्या दोन उद्गारचिन्हांवरून कळतं.

लॉइस म्हणजे हारलनची पहिली बायको. ती जाऊन चार वर्षं झाली. मी या घरात येऊन दीड. पण अजून कुठलंही कपाट उघडा, आत तीच बसलेली. दालचिनीच्या डबीवर तिचं अक्षर, गोधडीला तिचा टाका. आणि आता हा हातमोजा.

ही नाताळची कार्टून फिल्म आहे. लाल लोकरीचा एक हातमोजा, त्याला शिवलेले डोळे, आपली हरवलेली जोडी शोधत बर्फातून वणवण हिंडतो. सगळ्या बाहुल्या. जराशी हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा जराशी हलवायची. पडद्यावर सगळे उचकी लागल्यासारखे चालतात. शेवटी जोडी सापडते, घंटा वाजतात, मोठीमोठी माणसं नाकं शिंकरतात. हारलनच्या घरात डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी ही बघतात म्हणजे बघतातच. मुलगी सॉन्या लहान होती तेव्हापासून. आता सॉन्याची मुलगी सिग्ने सहा वर्षांची झाली, तरी चालूच. मागच्या वर्षी मी फ्लूचं निमित्त काढून वर जाऊन झोपले. यंदा कुठलं निमित्त काढायचं?

मी उभा जन्म ड्रायव्हिंग लायसन्सच्या परीक्षा घेण्यात घालवला. समुद्राएवढ्या तळ्याकडे जाणाऱ्या डुलुथच्या या उतारांवर भल्याभल्यांना घाम फुटलेला मी बघितलाय. त्या फिल्ममध्ये एक घसरगाडी भर हिमवादळात दिव्याशिवाय पळते, वळताना हात दाखवत नाही, काही नाही. मी तिथल्या तिथे नापास केली असती. हारलनला म्हटलं तर म्हणतो, "मार्ली, तो हातमोजा आहे गं."

जसं काही मला दिसत नाही.

काल सॉन्या जेवणं उरकल्यावर आपलं हॉटडिशचं, म्हणजे भट्टीत भाजलेल्या खिमा-बटाट्याचं, भांडं घासून, पुसून, गाडीत ठेवूनच आली. लॉइसच्या वेळी म्हणे भांडी वर्षभर इकडून तिकडे फिरत असायची. माझ्याकडे या मुलीनं दीड वर्षात चमचा मागे ठेवलेला नाही. नको ठेवू. मला कुठे दुसऱ्यांच्या चमच्यांची हौस आहे?

२६ नोव्हेंबर, रविवार

आज खरा प्रकार कळला, आणि मी कपाळावर हात मारून घेतला.

म्हणजे ती कॅसेट धडसुद्धा नाही! टीव्हीवर लागली होती तेव्हा लॉइस रिमोट घेऊन बसली होती. जाहिरात आली की थांबव, संपली की सुरू कर. मधेच चुलीवरचं वाटाण्याचं सूप उतू गेलं, बाई धावली, आणि परत येऊन बटण दाबेपर्यंत अख्खा एक प्रसंग निघून गेला. हातमोजा वादळात तारेच्या कुंपणाला अडकलेला असतो. मग पडद्यावर करड्या रेघा. आणि एकदम बघावं तर हातमोजा गोठ्यात, हंसाच्या पंखाखाली, सुखात. कुंपणावरून गोठ्यात कसा पोचला, देवाला ठाऊक.

तर हे लोक काय करतात? त्या जागी कॅसेट थांबवतात आणि तो प्रसंग स्वतः करतात. दिवाणखान्यात! जावई ट्रॉय वारा होऊन घूं घूं करतो. हारलन टेबलावर टकटक करतो, ते दार. सॉन्या हातमोजा. "उघडा ना, मी भिजलोय!" मग लॉइस म्हातारी व्हायची, आणि दार उघडून म्हणायची, "कोण गं ते, एवढ्या थंडीत? ये, आत ये." आणि सिग्ने हंस होऊन ओरडते.

"आणि आता म्हातारी कोण होतं?" मी विचारलं.

"कोणी नाही," हारलन म्हणाला. "तिथे आम्ही जरा थांबतो. मग पुढे जातो."

थांबतात म्हणे! मेलेल्या बाईच्या वाक्यासाठी चार धडधाकट माणसं गप्प उभी राहतात, आणि मी तिथे सोफ्यावर बसायचं. कशाला, टाळ्या वाजवायला?

"अरे पण पूर्ण फिल्म बाजारात मिळते," मी म्हटलं. "स्वच्छ, नवीन. एवढी वर्षं कोणाच्या डोक्यात नाही आलं?"

"आलं असेल."

"मग?"

"फिल्म चांगली आहे म्हणून नाही गं बघत कोणी. तीच आहे म्हणून बघतात," तो म्हणाला आणि बूट पुसायला लागला. या माणसाला अडचणीचा प्रश्न विचारला की बूट आठवतात.

मी डिस्क मागवली. चूक दिसली की खूण करायची, ही माझी सवय, आणि सवय मरत नाही.

२९ नोव्हेंबर, बुधवार

डिस्क आली. हारलन बंदरावर जुन्या मित्रांबरोबर जहाजं मोजायला गेला होता, तेवढ्यात दुपारी एकटीनं लावली.

मिळाला! हरवलेला प्रसंग मिळाला! आणि त्यात म्हातारी नाहीच. दार नाही, टकटक नाही, काही नाही. एक शिंगवाला मूस, म्हणजे घोड्याएवढं सांबर, येतो आणि भसाड्या आवाजात गाणं म्हणतो, संपता संपत नाही. मग वारा हातमोज्याला उचलतो आणि गोठ्याच्या खिडकीतून आत टाकतो. झालं. 'कोण गं ते, एवढ्या थंडीत' वगैरे सगळं लॉइसनं पदरचं घातलंय.

मला इतका आनंद झाला की मी उभ्यानंच कॉफी प्यायले. शनिवारी दाखवते एकेकाला.

मधला तो भाग पुन्हा एकदा लावून बघितला. मूसचं गाणं रटाळच आहे. त्यापेक्षा म्हातारी बरी होती, हे मी कोणालाही सांगणार नाही.

१ डिसेंबर, शुक्रवार

सॉन्याचा फोन आला होता. हारलनचे कान आता अधू, त्यामुळे तो फोन मोठ्यानं लावतो, आणि मग मी ऐकलं तर माझा काय दोष?

"बाबा, मी विचार करत होते," ती म्हणाली. "पुढच्या वर्षीपासून हातमोजा आमच्याकडेच करू या का? मिनिॲपोलिसला? तुम्ही खोकं घेऊन या. त्या घरात आता मला... पडदेसुद्धा बदललेत बाबा."

हारलननं बूट पुढ्यात ओढले. मग म्हणाला, "उद्या तर येताय ना?"

"उद्या येतोय. पण बघा."

पडदे! ते पडदे उन्हानं कुजले होते, हात लावला की फाटत होते. पण नाही, सावत्र बाई आली आणि पडदे काढले, एवढंच दिसतं. आणि 'तुम्ही या' म्हणजे कोण? एकटा हारलन की आम्ही दोघं? साध्या भाषेत सांगायचं तर, मला तोडायला निघाली आहे.

खुशाल करा तिकडे. सुंठीवाचून खोकला गेला. मला शनिवारी संध्याकाळी पाय वर करून बसता येईल.

हारलन जेवला नाही. बूट दोनदा पुसले.

दुपारपासून आल्याच्या बिस्किटांची तीन ताटं भाजली, बदामाची वडी केली, लेफ्सा, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, लाटल्या. लेफ्सा लाटून खांदा भरून आला. उगाच कोणी म्हणायला नको की या बाईनं उपाशी पाठवलं.

२ डिसेंबर, शनिवार

सगळं मुसळ केरात. जसं झालं तसं लिहिते.

तिघं चारच्या सुमारास आली. बाहेर बर्फ, तळ्यावरून येणारं वारं अंगाचं सालटं काढत होतं. सॉन्यानं आल्याआल्या पडद्यांकडे बघितलं. मी बघितलं तिनं बघितलेलं. हातात हॉटडिश, खिम्यावर बटाट्याचे गोळे एका ओळीत मांडलेले, शिस्तीत. "तुम्ही बऱ्या आहात ना? मागच्या वर्षी फ्लू होता," ती म्हणाली. तिच्या त्या 'तुम्ही'मध्ये हातभर अंतर असतं.

सिग्ने मात्र थेट. "मार्लिस, तुझी बिस्किटं जळलीत."

"ती खरपूस आहेत."

"काळी आहेत," म्हणाली आणि दोन उचलली.

सगळे बसल्यावर मी डिस्क लावली. कोणाला आधी सांगितलं नव्हतं. चित्र लख्ख दिसायला लागलं, हातमोज्याच्या लोकरीचा धागा न् धागा मोजावा असं. सॉन्यानं हारलनकडे बघितलं. हारलननं बुटांकडे.

कुंपण आलं. हातमोजा अडकला. आणि चौघंही उठले! सवयच ती. ट्रॉय खिडकीपाशी जाऊन गाल फुगवून उभा. हारलनची मूठ टेबलावर. आणि टीव्ही थांबलाच नाही. शिंगवाला मूस आला आणि गायला लागला. चौघं आपापल्या जागी उभी, त्याच्याकडे बघत, एखाद्याच्या लग्नात चुकून शिरल्यासारखी.

"हा कोण?" सिग्नेनं विचारलं.

"हाच खरा प्रसंग आहे," मी म्हटलं. "मूळ फिल्ममध्ये हेच आहे. म्हातारी वगैरे काही नाहीच मुळी. दारही नाही."

माझा आवाज जरा चढला होता. पास-नापास सांगताना चढतो तसा.

सिग्नेचा चेहरा एकदम पडला आणि तिनं भोकाड पसरलं. "त्याला दार पाहिजे! तो भिजलाय! आई, त्याला दार पाहिजे!"

सॉन्या माझ्याकडे वळली. शांतपणे बोलली, ते जास्त लागलं. "आम्हाला माहीत आहे, मार्लिस. मी नऊ वर्षांची असताना मैत्रिणीकडे पूर्ण फिल्म बघितली. रडत घरी आले. म्हटलं, आई, त्यांच्या फिल्ममध्ये म्हातारीच नाही. तर आई म्हणाली, 'अगं, बिचाऱ्यांकडे नसेल.'"

मग ट्रॉयला म्हणाली, "जरा गाडी सुरू करून ये. गरम होऊ दे."

इथे गाडी गरम करायला ठेवली म्हणजे निरोपाची भाषा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. ट्रॉय कोट चढवून गेला. हारलन गुडघ्यावर बसला, डिस्क काढली, व्हीसीआर जोडला, कॅसेट घातली. "एवढं करू आणि मग जा," तो म्हणाला.

मी सोफ्याच्या कोपऱ्यात बसून होते. कोणी उठ म्हटलं नाही, कोणी बस म्हटलं नाही.

कुंपण आलं. करड्या रेघा. हारलननं थांबवलं. वारा बाहेर गेलेला, त्यामुळे वाऱ्याशिवायच. सॉन्यानं कोरड्या आवाजात म्हटलं, "उघडा ना. मी भिजलोय." हारलननं टेबलावर टकटक केलं. आणि मग ती शांतता. मी पहिल्यांदाच ऐकली. तिघंही खाली बघत होती. हारलनचा हात टेबलावर तसाच.

आणि तेवढ्यात पुढचं दार धाडकन उघडलं, ट्रॉय उंबऱ्यावर बूट आपटत उभा, दार सताड उघडं. वारं असं आत घुसलं की नवे पडदे छताला लागले, नॅपकिन उडाले, माझ्या मानेत बर्फ! माझ्या तोंडून निघून गेलं. माझी आई म्हणायची तेच, तिच्याच सुरात, गल्लीभर ऐकू जाईल असं.

"दार लाव रे! काय अख्खं तळं तापवायचंय का?"

आणि मग हारलनला फुटलं. हसू की काय ते, आधी कळलंच नाही मला. मग सॉन्या. तोंडावर हात दाबून हसत होती, डोळ्यांतून पाणी, आणि खाली गालिच्यावरच बसली. सिग्ने हंसासारखी ओरडायची सोडून नुसतीच उड्या मारत होती. ट्रॉय बिचारा विचारतोय, "काय झालं? काय केलं मी?"

मला हसले. माझ्या घरात, माझ्या तोंडावर. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली.

सिग्ने मागोमाग आली. "मार्लिस, ते परत म्हण ना."

"काय?"

"तळ्याचं."

"पळ इथून."

ती पळाली, आणि बाहेर जाऊन ओरडली, "ती नाही म्हणते! ती एकदाच म्हणते!"

ट्रॉय मग पुन्हा बाहेर जाऊन गाडी बंद करून आला. एवढा वेळ उगाच इंजिन फिरवलं. निर्णय एक नाही या लोकांचा. साडेआठपर्यंत बसली, वडी संपवली, लेफ्साही.

३ डिसेंबर, रविवार

अजून बोलायचं मन नाही. हारलन शिट्टी वाजवत फिरतोय. काय झालंय एवढं आनंदाचं?

निघताना सॉन्या दारात म्हणाली, "रागावलात का?"

"छे," मी म्हटलं.

"तू खरंच अगदी..." म्हणाली, आणि पुढे काही सुचलं नाही तिला. घाईत तोंडातून 'तू' निघालं. वळण नाही ते नाहीच.

आणि वर हॉटडिशचं भांडं इथेच टाकून गेली! न घासता. कडेला बटाटे करपून चिकटलेले. खाली पट्टीवर नाव लिहिलेलं, म्हणजे विसरली म्हणायलाही जागा नाही. मला काय मोलकरीण समजते? हारलनला म्हटलं, पोस्टानं पाठवून दे. तर म्हणतो, "राहू दे. येतील तेव्हा नेतील."

घासलं. आता कपाटात दालचिनीच्या डबीशेजारी ठेवलंय. जागा अडवून बसलंय.

१० मार्च, रविवार

भांडं अजून इथेच. कोणाला त्याची आठवण नाही. आज त्यात मीच मॅकरोनी केली. भांडं चांगलं आहे, बुडाला लागत नाही. परत देताना रिकामं देता येणार नाही, ही आणखी एक कटकट.

२० जुलै, शनिवार

सिग्नेचा फोन. हारलन बाहेर होता, म्हणून मीच घेतला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "मार्लिस, तळं तापलं का?"

"जुलैतसुद्धा पाय घातला तर बधिर होतो," मी म्हटलं. "हे तळं कधी तापत नाही."

"छान," ती म्हणाली आणि फोन ठेवला. पोरीला फोनवर बोलायची रीत शिकवली पाहिजे कोणीतरी.

१ डिसेंबर, रविवार

सॉन्यानं कळवलं, शनिवारी येतोय. मिनिॲपोलिसचं काय झालं, मी विचारलं नाही. हारलननंही नाही. खोकं मी वर आणलं, त्याचे गुडघे दुखतात म्हणून. त्यात माझा दुसरा काही हेतू नव्हता.

७ डिसेंबर, शनिवार

आली, जेवली, बसली. डिस्क मी लावली नाही. ती कुठे ठेवलीय ते मला आठवत नाही, आणि आठवलं तरी सांगणार नाही.

फिल्म तशीच भिकार. घसरगाडीला अजून दिवा नाही. मी हे मोठ्यानं म्हटलं, तर ट्रॉय म्हणाला, "नापास!" हल्ली त्यालाही तोंड फुटलंय.

कुंपण आलं. करड्या रेघा. ट्रॉय यंदा जागेवर होता, घूं घूं करून लालबुंद झाला. सॉन्या म्हणाली, "उघडा ना, मी भिजलोय!" हारलननं टेबलावर टकटक केलं.

आणि सगळे गप्प झाले.

पण यंदा खाली बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. चौघंही.

मी म्हटलं, "काय?" अरे, मी काय बोलणार? ते लॉइसचं वाक्य, ते माझ्या तोंडी शोभत नाही, आणि मी म्हणणारही नाही. आणि माझं म्हणावं, तर दार बंद होतं. चांगलं कडी लावून बंद. परीक्षा घेणं वेगळं आणि देणं वेगळं. हारलनची मूठ टेबलावर तशीच होती, आणि मला वाटलं, आता हे पुढे जाणार, मला वगळून पुढे जाणार.

तेवढ्यात सिग्ने उठली. अनवाणी. दारापाशी गेली, चवड्यांवर उभी राहून कडी काढली, आणि दोन्ही हातांनी दार सताड उघडलं. बाहेर मिट्ट अंधार, वारं, बर्फ थेट गालिच्यावर. पडदे छताला. ती दाराला धरून उभी, केस उडतायत, दात वाजतायत, आणि माझ्याकडे बघतेय.

मग काय करते?

"दार लाव गं कार्टे! काय अख्खं तळं तापवायचंय का?"

तिनं दार लावलं. हंसासारखी ओरडत धावत आली आणि पाय माझ्या मांडीखाली खुपसले. बर्फाचे गोळे नुसते! एवढी सात वर्षांची घोडी झाली, पण मोजे घालायची अक्कल तिला कोणी शिकवली नाही. उद्या लोकर आणावी लागणार. लाल असली तर बघते.